चकती

ट्रॅव्हल्सवाला खोकी उतरवता उतरवता म्हणाला,
"बाये, तुमच्यो बाटल्यो रडतत."
बारा खोकी. पुण्याहून परत.
तळाचा पुठ्ठा लाल, भिजून घावनासारखा लिबलिबीत,
आणि शेडभर आगळाचा खारट-आंबट वास,
कोणी आख्खा मे महिना जमिनीवर ओतल्यासारखा.

कार्मेलीनने एक बाटली उजेडाकडे धरली.
झाकण घट्टच होतं.
ते फिरवणारे हात तिचे,
म्हणून ती गप्प.
मी म्हटलं, हात नको बघूस. आत बघ.

झाकणाच्या आत एक चकती असते,
जुन्या रुपयाएवढी.
गिऱ्हाईक रंग बघतं, चव बघतं, तारीख बघतं.
चकती बघायला आजवर
उभादांड्याला कोणी आलेलं नाही.
आमची होती मेण लावलेल्या पुठ्ठ्याची.
स्वस्त. तेलाला चालते, मधाला चालते.
आगळातल्या मिठाने तिला महिनाभर चाटलं,
ती फुगली, आणि आता
माझ्या नखात तिचा गुलाबी लगदा.

जुळवायचं म्हटलं की लोक पत्रिका काढतात.
मी टेबलावर काढली तीन तोंडं:
काचेची बाटली, पेटची बाटली,
आणि हॉटेलवाले नेतात तो दुधी, जाड, पाच लिटरचा कॅन.
शेजारी कुडाळहून आणलेल्या नमुन्याच्या चकत्या.

फॉइलच्या पोटाला प्लास्टिकचा थर असतो,
कांद्याच्या पापुद्र्याइतका.
यंत्राखालून गेला की तो वितळतो
आणि आपल्या जातीचं तोंड धरतो,
असं मी बोलून गेले.
"प्लास्टिकातय जात आसता?" कार्मेलीन म्हणाली.
मला दुसरा शब्द शोधायचा होता.
अजून सापडलेला नाही.

कॅनला तो असा धरला
की सुरीनेसुद्धा फाटला, निघाला नाही.
पेटवर दिसायला छान बसला.
कार्मेलीनने नखाने कड उचलली,
सबंध चकती अल्लद हातात आली,
उन्हाने सोललेल्या कातडीसारखी.
(पेटसाठी थर वेगळा. वहीत लिहिलं.)
काचेने तर जवळच केलं नाही.
काच कोणासाठी वितळत नाही.
तिच्यावर नुसतं टेकायचं,
आपण मऊ राहायचं
आणि वरून झाकणाने दाबून धरायचं.
म्हणून तिला फोम:
दाबला की दबतो, सोडला की उठतो.

रात्री नऊ बाटल्या उलट्या उभ्या केल्या
कालच्या पेपरावर.
वीज गेली. खाडीकडून बोटीचं इंजिन ऐकू येत राहिलं.
कार्मेलीन म्हणाली, आई खारातल्या आंब्यांवर
केळीचं पान ठेवायची, वर फडकं, वर सुंभ.
"ती पण चकतीच ना?"
"चकतीच. आणि मातीच्या बरणीला तीच लागते."

सकाळी आठ बाटल्यांखालचा पेपर कोरडा.
नववीखाली, समुद्र खवळलेला राहील या बातमीवर,
अठन्नीएवढा लाल डाग.
तीच काच. तोच फोम. तेच हात.
माझं सगळं शहाणपण त्या डागात बुडालं.
मी वही मिटली.

कार्मेलीनने झाकण उघडलं,
बाटलीच्या ओठांवरून बोट फिरवलं,
थांबली,
आणि बोट माझ्यासमोर धरलं:
मिठाचा एक कण.

तेव्हापासून ती झाकणाआधी
प्रत्येक तोंड ओल्या फडक्याने पुसते,
शाळेत धाडायच्या पोराचं पुसावं तसं,
थोडं रागाने, कोपऱ्यातलंही.

काल ट्रॅव्हल्सवाल्याने खोकं उलटं केलं,
हलवलं, नाक लावलं.
"आज वास येणा नाय," म्हणाला.
आवाज जरा हिरमुसलेला होता.
मी पावतीवर सही केली
आणि एक बाटली त्याच्या सीटखाली ठेवली,
आडवी.